न दिसलेल्या चमका

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक शोध लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत तो बुडालाही. उंदरांना किरणोत्सारी आयोडीन-१३१ अत्यल्प प्रमाणात द्यायचे, एका गटाला त्याबरोबर एक औषध द्यायचे आणि थायरॉइड ग्रंथीने किती आयोडीन शोषले ते मोजायचे, असा प्रयोग होता. मोजणीसाठी प्रयोगशाळेत एक जुने विहीर-गणक होते. मध्ये खड्डा असलेला सोडियम आयोडाइडचा स्फटिक, त्या खड्ड्यात परीक्षानळी सोडायची आणि मिनिटाला किती टिपणे होतात ते वाचायचे. दिलेल्या मात्रेइतकेच आयोडीन असलेली प्रमाण-नळी मी सकाळी मोजली होती. ग्रंथींच्या नळ्या संध्याकाळी मोजल्या. आकडे अपेक्षेच्या एक-तृतीयांशही नव्हते. औषधाने ग्रंथीचे शोषण जवळजवळ थांबवले, असे समजून मी रात्री जागून दोन पाने टिपण लिहिले.

प्रयोगशाळेतल्या मामांनी सकाळी ते ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "ताई, खिडकी कुणाची लावली होती?"

दुपारी दुसरा एक संशोधक त्याच गणकावर रक्ताचे नमुने मोजून गेला होता. त्याच्या तांबड्या पेशींना क्रोमियम-५१ जोडलेले होते. क्रोमियमच्या गॅमा किरणांची ऊर्जा ३२० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर आयोडीन-१३१ च्या मुख्य गॅमा किरणांची ३६४. गणकाची खिडकी, म्हणजे तो कोणत्या ऊर्जेपासून कोणत्या ऊर्जेपर्यंतची टिपणे स्वीकारणार ती मर्यादा, क्रोमियमवरच राहिली होती. माझे आयोडीन दाराबाहेर उभे होते आणि गणक प्रामाणिकपणे सांगत होता की, आत फारसे कोणी आलेले नाही. शिवाय औषध न दिलेल्या उंदरांचे आकडेही तितकेच घसरले होते, हे मी आनंदाच्या भरात पाहिलेच नव्हते. मोजणी पुन्हा केली तेव्हा औषधाचा परिणाम शून्याच्या आसपास निघाला.

हा प्रसंग मी वर्गात नेहमी सांगते. मुले हसतात आणि मग त्यांतले एखादे विचारते, "पण खिडकी बरोबर असती तरी सगळे मोजले गेले असते का?" हा प्रश्न चुकीपेक्षा मोठा आहे. कोणताही गणक सगळे मोजत नाही. जे मोजले गेले नाही ते किती, हे कसे कळावे? या प्रश्नाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याची सुरुवात यंत्रात नसून माणसाच्या डोळ्यात आहे.

डोळा हाच गणक

झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अल्फा कण आदळला की एक बारीकशी चमक उठते. १९०३ मध्ये विल्यम क्रुक्सने हे दाखवले आणि पुढची पंचवीस वर्षे अणुभौतिकीतली बरीचशी मोजणी याच चमकांवर चालली. मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन अंधाऱ्या खोलीत बसून सूक्ष्मदर्शकातून या चमका मोजत. त्या मोजणीतूनच रदरफोर्डला अणुकेंद्राची कल्पना सुचली. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यासाठीच आधी बराच वेळ बसावे लागे आणि मोजणाराही थोड्या थोड्या वेळाने बदलावा लागे, कारण थकलेला डोळा चमका गाळतो.

गाळतो म्हणजे किती? १९०८ मध्ये रदरफोर्ड आणि गायगर यांनी विजेवर चालणारा एक गणक तयार करून १ ग्रॅम रेडियममधून सेकंदाला किती अल्फा कण निघतात ते मोजले. त्यांचा आकडा आला ३.४ × १०^१०. आज आपण तो सुमारे ३.७ × १०^१० मानतो. फरक दहा टक्क्यांच्या आतला असला तरी इतर अनेक स्थिरांक या आकड्यावर अवलंबून होते. म्हणून १९२४ साली गायगर आणि वेर्नर यांनी डोळ्याची कार्यक्षमता काढण्याची एक युक्ती केली. ती इतकी सोपी आहे की शाळेत करून पाहता येते.

एकाच पडद्याकडे दोन निरीक्षक पाहतात. दोघेही चमक दिसताच आपापली नोंद करतात, आणि ती कोणत्या क्षणी झाली हे कळते. समजा, पहिल्याने ८० चमका नोंदवल्या, दुसऱ्याने ७५, आणि त्यांपैकी ६० दोघांनीही पाहिल्या. आता दुसऱ्याने पाहिलेल्या ७५ चमकांपैकी पहिल्याला ६० दिसल्या, म्हणजे पहिल्याची कार्यक्षमता ६० भागिले ७५, अर्थात ८० टक्के. मग त्याने नोंदवलेल्या ८० चमका म्हणजे एकूण चमकांचे ८० टक्के. एकूण चमका १००. दोघांनी मिळून ९५ वेगवेगळ्या चमका पाहिल्या होत्या. उरलेल्या ५ कोणीच पाहिल्या नाहीत, तरी त्या होत्या हे आपण सांगू शकतो.

वर्गात यासाठी पडदा किंवा रेडियम लागत नाही. शुद्धलेखनाच्या चुका असलेला एक छापील कागद दोन विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे तपासायला द्या. पहिल्याला सापडलेल्या चुका गुणिले दुसऱ्याला सापडलेल्या, भागिले दोघांनाही सापडलेल्या. एकूण चुकांचा अंदाज येतो. मात्र एक गोष्ट मुलांकडूनच काढून घ्यावी. दोघांनी शेजारी बसून, एकमेकांकडे पाहत तपासले तर उत्तर चुकेल. आणि काही चुका इतक्या अवघड असतील की त्या दोघांच्याही नजरेतून सुटण्याचाच संभव जास्त, तरीही अंदाज कमी येईल. दोन निरीक्षक खरोखर स्वतंत्र असले पाहिजेत, ही या युक्तीची अट आहे.

ती अट मोडली की काय होते याचे उदाहरण त्याच दशकात घडले. रदरफोर्डने १९१९ मध्ये अल्फा कणांच्या माऱ्याने नायट्रोजनचा अणू फोडल्याचे जाहीर केले होते. व्हिएन्नाच्या रेडियम संस्थेत हान्स पेटरसन आणि गेर्हार्ड किर्श यांनी कार्बनसारखी इतर मूलद्रव्येही अशीच फुटतात असा दावा केला. केंब्रिजला ते दिसत नव्हते. काही वर्षे दोन्हीकडून लेख निघत राहिले. शेवटी डिसेंबर १९२७ मध्ये जेम्स चॅडविक व्हिएन्नाला गेला. तिथे चमका मोजण्याचे काम मुख्यतः स्त्री-साहाय्यक करीत आणि कोणत्या मांडणीत काय अपेक्षित आहे याची त्यांना आधी कल्पना असे. चॅडविकने मांडणी बदलली, पण काय बदलले ते मोजणाऱ्यांना सांगितले नाही. जास्तीच्या चमका नाहीशा झाल्या.

ही गोष्ट सांगताना दोष त्या मोजणाऱ्या स्त्रियांवर टाकण्याची प्रथा आहे. मला ती पटत नाही. मंद चमक दिसली की भासली, हे ठरवताना अपेक्षा डोकावतेच. दोष होता तो मोजणाऱ्याला उत्तर आधी सांगणाऱ्या व्यवस्थेचा. त्याच संस्थेत मारिएटा ब्लाउ ही भौतिकशास्त्रज्ञ छायाचित्रणाच्या लेपात कणांचे मार्ग कायमचे टिपण्याची पद्धत विकसित करीत होती. तो मार्ग दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसाला, पुन्हा मोजता येतो. पुढे डोळा बाजूला झाला आणि विजेचे गणक आले. न दिसलेल्यांचा प्रश्न मात्र यंत्राबरोबर तसाच पुढे आला.

मानेसमोरचा गणक

१९२८ चा गायगर-म्युलर गणक वैद्यकात आला तो आयोडीनच्या निमित्ताने. बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झ आणि आर्थर रॉबर्ट्स यांनी १९३७ मध्ये सशांना किरणोत्सारी आयोडीन-१२८ दिले आणि ते थायरॉइडमध्ये जमते हे दाखवले. आयोडीन-१२८ चा अर्धायुकाल अवघा २५ मिनिटांचा, त्यामुळे माणसांवरील चाचणीला ते जवळजवळ निरुपयोगी. १९३८ मध्ये बर्कलीला लिव्हिंगूड आणि सीबोर्ग यांना आयोडीन-१३१ सापडले. त्याचा अर्धायुकाल ८ दिवसांचा. लवकरच हॅमिल्टन आणि सोली यांनी ते माणसांना दिले, मानेसमोर गायगर गणक धरला आणि ग्रंथी आयोडीन गोळा करीत असताना आकडे चढताना पाहिले. १९४६ पासून ओक रिजच्या अणुभट्टीतले समस्थानिक रुग्णालयांना मिळू लागले आणि ही चाचणी सर्वत्र पसरली.

गायगर गणकात दोन उणिवा होत्या. गॅमा किरण बहुधा त्यातून आरपार निघून जातात. शंभरांतला जेमतेम एखादा नोंदला जातो. दुसरे असे की, नोंदला गेलेला किरण कोणत्या ऊर्जेचा होता हे तो सांगत नाही. त्याची प्रत्येक टिचकी सारखीच.

दोन्ही उणिवा १९४८ मध्ये रॉबर्ट हॉफस्टाटरने दूर केल्या. थॅलियमचा किंचित अंश मिसळलेल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात गॅमा किरण शिरला की प्रकाश निघतो, आणि गॅमाने जितकी ऊर्जा आत सोडली त्या प्रमाणात निघतो. प्रकाशगुणक नलिका त्या चमकेचे विद्युत स्पंदात रूपांतर करते. म्हणजे क्रुक्सची चमकच परत आली, फक्त डोळ्याच्या जागी नलिका बसली. आता मोठे स्पंद आणि लहान स्पंद वेगळे करता येऊ लागले. १९५१ मध्ये हॅल अँगरने स्फटिकात खड्डा करून विहीर-गणक तयार केला. माझी फसगत ज्या खिडकीने केली ती या स्पंदांची उंची निवडणारी खिडकी. समस्थानिक बदलला की ती सरकवायची.

खिडकीची गरज का, ते मानेच्याच उदाहरणाने पाहू. ग्रंथीत जमलेल्या आयोडीनचे ३६४ चे किरण थेट स्फटिकाकडे येतात. पण रक्तात आणि शरीरात इतरत्र असलेल्या आयोडीनचे किरण ऊतींवर आदळून, दिशा बदलून, थोडी ऊर्जा गमावून तिकडेच येऊ शकतात. गायगर गणक दोघांनाही ग्रंथीच्या खात्यावर लिहितो. ३६४ भोवती खिडकी लावली की असे विखुरलेले किरण पुष्कळसे बाहेर राहतात.

आता कार्यक्षमतेचा हिशोब करू. आयोडीन-१३१ च्या १०० विघटनांतून ३६४ चे सुमारे ८२ गॅमा किरण निघतात. ते सर्व दिशांना जातात. ५ सेंटिमीटर व्यासाचा स्फटिक मानेपासून २५ सेंटिमीटर अंतरावर असेल तर त्याच्या वाट्याला साधारण ४०० किरणांपैकी १ येतो. स्फटिकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ भागिले २५ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलाचे पृष्ठफळ, हे गणित दहावीच्या मुलांना जमते. आलेल्यांपैकी काही आरपार जातात, काही अर्धीमुर्धी ऊर्जा सोडून निसटतात आणि खिडकीबाहेर पडतात. गणकावरच्या एका टिपणामागे शेकडो न मोजलेली विघटने उभी असतात. क्रोमियम-५१ घेतले तर पहिल्याच पायरीवर घसरण. त्याच्या १०० विघटनांतून ३२० चे सुमारे १० च गॅमा किरण निघतात. उलट १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्रुकहेवनमध्ये ज्याचा जनित्र तयार झाला त्या टेक्नेशियम-९९एम चे १४० चे सुमारे ८९ निघतात. म्हणून 'मिनिटाला ५,००० टिपणे' हा आकडा समस्थानिकाचे नाव सांगितल्याशिवाय निरर्थक आहे.

या सगळ्यातून सुटण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे तुलना. रुग्णाला दिली तेवढीच मात्रा एका बाटलीत ठेवायची, मानेसमोरचा आकडा आणि बाटलीचा आकडा यांचे गुणोत्तर काढायचे. गणकाची कार्यक्षमता वर आणि खाली दोन्हीकडे आहे, ती कटून जाते. माझी प्रमाण-नळी मी संध्याकाळी त्याच चुकलेल्या खिडकीत मोजली असती तर गुणोत्तर बऱ्यापैकी बरोबर आले असते! पण ही कटाकटी तेव्हाच खरी, जेव्हा दोन्ही मोजण्या एकाच परिस्थितीत होतात. बाटली उघड्या हवेत आणि ग्रंथी मानेच्या मांसाखाली असेल तर काय कटले आणि काय उरले, हे कोण सांगणार?

सोंगाचे आयोडीन

१९५० च्या दशकात ओक रिजच्या वैद्यकीय विभागाचे प्रमुख मार्शल ब्रूसर यांना नेमकी हीच शंका आली. ठिकठिकाणची रुग्णालये थायरॉइडच्या शोषणाचे आकडे छापत होती, पण एका ठिकाणचे ४० टक्के म्हणजे दुसऱ्या ठिकाणचे किती? एकच रुग्ण घेऊन गावोगाव फिरता येत नाही. म्हणून त्यांनी माणसासारखे पुतळे तयार करवले, त्यांच्या मानेत किरणोत्सारी थायरॉइड बसवले आणि ते प्रयोगशाळांकडे मोजायला पाठवले.

पुतळ्यात आयोडीन-१३१ भरून चालणार नव्हते. आठ दिवसांत ते निम्मे होणार. म्हणून त्यांनी आयोडीनचे सोंग रचले. बेरियम-१३३ चा मुख्य गॅमा ३५६ चा, आयोडीनच्या ३६४ च्या अगदी शेजारी, आणि त्याचा अर्धायुकाल साडेदहा वर्षांचा. आयोडीन-१३१ चे थोडे किरण ६३७ चेही असतात. त्यांच्या जागी ६६२ चा सीझियम-१३७, अर्धायुकाल तीस वर्षांचा. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले की स्फटिकाला ते आयोडीन वाटते. या मिश्रणाला नकली आयोडीन असेच नाव पडले.

पुतळ्याच्या मानेत किती भरले आहे हे ओक रिजला ठाऊक होते. प्रयोगशाळांची उत्तरे मात्र एकमेकांपासून खूप दूर आली. कोणी स्फटिक मानेला टेकवून मोजत होते, कोणी दूरून. कोणाची बाटली हवेत टांगलेली, कोणाची मेणाच्या ठोकळ्यात. कोणी विखुरलेले किरण गाळत होते, कोणी नाही. स्वतःच्या पद्धतीत प्रत्येक जण काटेकोर होता, हे यातले विशेष. व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९६० च्या सुमारास हा प्रश्न हाती घेतला आणि अंतर २० ते ३० सेंटिमीटर, बाटलीसाठी मानेसारखाच ठोकळा, ३६४ भोवतीची खिडकी, असे नियम सर्वत्र रूढ होत गेले.

रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, ते उपचाराच्या सूत्रात दिसते. अतिक्रियाशील थायरॉइडला द्यायची मात्रा म्हणजे ग्रंथीचे वजन गुणिले दर ग्रॅमला हवी ती क्रियाशीलता, भागिले शोषणाचे प्रमाण. ग्रंथी ४० ग्रॅमची, दर ग्रॅमला ३.७ मेगाबेकरेल आणि शोषण ५० टक्के धरले तर मात्रा येते २९६ मेगाबेकरेल. जुन्या मापात ८ मिलिक्युरी. आता मोजणीच्या चुकीने शोषण २५ टक्के आले असे समजा. शोषण छेदात आहे, म्हणून मात्रा दुप्पट होते. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त जळते आणि त्या बाईला थायरॉक्सिनची गोळी रोज घ्यावी लागते, बहुधा जन्मभर. उलट दिशेने चूक झाली तर आजार तसाच राहतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा सगळे पहिल्यापासून.

आपल्याकडे १९५६ मध्ये तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली आणि १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले. थायरॉइडच्या रुग्णांसाठी महाराष्ट्रभरातून लोक तिथे येत आले आहेत. मुंबईच्या हवेची यात एक वेगळीच भर असते. सोडियम आयोडाइड मिठासारखेच पाणी ओढून घेते. म्हणून स्फटिक ॲल्युमिनियमच्या डब्यात हवाबंद केलेला असतो. त्या डब्याला बारीकशी फट पडली तर एका पावसाळ्यात स्फटिक पिवळा पडतो आणि त्याचा प्रकाश मंदावतो. प्रकाश कमी म्हणजे स्पंद लहान, आणि स्पंद लहान म्हणजे ३६४ चे शिखर खिडकीतून हळूहळू खाली सरकू लागते. विजेचा दाब किंवा खोलीचे तापमान बदलले तरी तेच. म्हणून रोज सकाळी पहिल्या रुग्णाआधी सीझियमचा उगम ठेवून त्याचे शिखर ६६२ वरच आहे ना, हे पाहण्याची रीत आहे. आमच्या मामांच्या वहीत अशा नोंदी वर्षानुवर्षांच्या होत्या आणि यंत्र कधी बिघडायला लागले ते त्यांना आमच्याआधी कळे.

रुग्णाला मात्रा देण्याआधी ती ज्या यंत्रात मोजतात त्याची गोष्ट आणखी वेगळी. तो स्फटिक नसतो. दाबाखाली वायू भरलेली आयनीभवन-कोठी असते आणि ती फक्त विद्युतप्रवाह दाखवते. ऊर्जा ओळखण्याची शक्ती तिच्यात नाही. समोर कोणता समस्थानिक आहे हे माणसानेच बटण दाबून सांगायचे. बटण म्हणजे एक गुणक, त्यापलीकडे काही नाही. आयोडीन-१३१ ठेवून टेक्नेशियमचे बटण दाबले तर यंत्र कोणतीही तक्रार न करता खऱ्यापेक्षा बराच जास्त आकडा दाखवते. आयोडीन-१२५ सारखे मंद किरण असतील तर काचेची कुपी आणि प्लास्टिकची सिरिंज यांतही आकडा बदलतो, कारण काच काही किरण गिळते.

हे गुणक येतात कुठून? इथे गायगर आणि वेर्नरचे ते दोन निरीक्षक पुन्हा भेटतात. आयोडीन-१३१ चे विघटन होताना आधी बीटा कण निघतो आणि बहुतेक वेळा जवळजवळ त्याच क्षणी गॅमा. एक गणक बीटा मोजतो, दुसरा गॅमा, आणि तिसरे मंडल दोघे एकाच वेळी वाजले तेव्हाच नोंद करते. बीटांची संख्या गुणिले गॅमांची संख्या, भागिले जोड्यांची संख्या. दोन्ही गणकांची कार्यक्षमता कटून जाते आणि विघटनांचा खरा आकडा हाती येतो. डनवर्थने १९४० मध्ये ही पद्धत व्यवस्थित मांडली. राष्ट्रीय प्रमाण-प्रयोगशाळा आजही तिच्या सुधारित रूपांवर काम करतात. आपल्याकडे ती जबाबदारी भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहे.

१९७६ पासून या प्रयोगशाळा आपली प्रमाणित कुपी पॅरिसजवळ सेव्र इथे आंतरराष्ट्रीय वजने व मापे कार्यालयाकडे पाठवतात. तिथल्या एकाच आयनीभवन-कोठीत सगळ्यांच्या कुप्या रेडियमच्या उगमाशी ताडून पाहिल्या जातात. टेक्नेशियम-९९एम मात्र तिथवर पोचत नाही. सहा तासांत ते निम्मे होते, आणि लांबच्या देशातून निघालेली कुपी सेव्रला पोचेपर्यंत मोजण्याजोगी राहत नाही. म्हणून एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथल्या लोकांनी ब्रूसरची युक्ती उलटी केली. सोडियम आयोडाइडचे एक विहीर-गणक आणि त्याच्यासोबत वीस हजार वर्षांच्या आसपास अर्धायुकाल असलेल्या नायोबियम-९४ चा उगम त्यांनी पेटीत घातला. आता ती पेटी देशोदेशी जाते आणि त्या त्या प्रयोगशाळेत, सकाळी तयार झालेले टेक्नेशियम त्याच दिवशी तिच्यात मोजले जाते.